माहजाँगच्या जोड्या लावणारे नाशिककर, या बसा

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये शेजाऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावायची मला वाईट खोड आहे. हल्ली निम्मे लोक चिनी सोंगट्या जुळवताना दिसतात. चौघांचा मूळ माहजाँग नव्हे, एकट्याचा. १४४ सोंगट्या, वर काही नको, डावी किंवा उजवी कड मोकळी हवी, की उचला जोडी. तुम्ही कुठे अडकता? आणि अडलं की शफल, म्हणजे उरलेल्या सोंगट्या पुन्हा मिसळून मांडायचं बटण, दाबता का, खरं सांगा.

*सिडकोहून*
माझ्यापेक्षा सासूबाईच जास्त. दुपारचं जेवण झालं की टॅब घेऊन बसतात. सगळ्या सोंगट्यांचं त्यांनी बारसं केलंय. गोलवाल्या त्या भाकऱ्या, बांबूवाल्या काड्या. पहिल्या काडीवर पक्षी असतो, ती चिमणी. चिनी अक्षरांना आधी फार वैतागायच्या. मग एक दिवस त्यांनीच मला दाखवलं : खालचं लाल चिन्ह सगळ्यांना सारखंच, बघायचं ते वरचं. एक आडवी रेघ म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. मी इतकी वर्षं नुसती चित्रं जुळवत होते! दोन वेगळी फुलं एकमेकांशी कशी जुळतात, हे मात्र त्यांना अजून पटलेलं नाही. "ऋतूंचंही तसंच," म्हटलं, तर म्हणाल्या, "मग उन्हाळ्याची सोयरीक हिवाळ्याशी?"

*सातपूर*
ऑफिसच्या संगणकावर विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून. साहेब सुट्टीवर असले की त्यातला हाच खेळ, माहजाँग टायटन्स. कासवाच्या आकाराच्या मांडणीत दोन्ही टोकांना लटकलेल्या सोंगट्या आधी काढा, मधल्या ओळी त्यांनीच अडवलेल्या असतात. शफल कधीच नाही. ती चीटिंग.

*गंगापूर रोड*
स्कूटरवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये होता, तेव्हा डाव्या हाताने खेळायला लागलो. चिडचिड व्हायची. मग वाचलं, की १९८१ मध्ये हा खेळ संगणकावर आणणारा ब्रोडी लॉकार्ड जिम्नॅस्टिक्सच्या अपघातानंतर लुळा पडला होता आणि तोंडात काडी धरून टाइप करायचा. त्यानंतर माझी कुरकुर बंद. तीन सारख्या मोकळ्या दिसल्या की कुठल्या दोन उचलायच्या, तिथे मात्र अजून घोळ घालतो. सातपूरकर, काही डाव मुळातच सुटत नाहीत हो, मग शफलने काय पाप लागतं?

*सिडकोहून, पुन्हा*
सासूबाईंना शफलबद्दल विचारलं. म्हणाल्या, "ते बटण कुठंय ते आधी दाखव."