मदत हवी आहे: मास्तरला बेसबॉलची मैदानं दाखवायची आहेत (बॉस्टन ते शिकागो, गाडीने, २०२६)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं एकाच वसतिगृहात राहिलेले, १९८६ची बारावी. आता मी न्यू जर्सीत, एक ओहायोत, डॉक्टर पुण्यात आणि मास्तर जळगाव जिल्ह्यात. सहल चौघांची असली तरी ठरवलीय मास्तरसाठी, म्हणून आधी त्याच्याविषयी सांगतो.

मास्तर शाळेत पी.टी. शिकवतो आणि तीस वर्षं मुलींना सॉफ्टबॉल शिकवतोय. पाऊस उघडला की स्वतः मैदान झाडून, दोरी लावून, फक्की टाकून चौकोन आखतो. शाळेकडे ग्लोव्ह्ज नऊच. इनिंग बदलली की या संघाच्या हातातून काढून त्या संघाच्या हातात घालायचे. अशा ग्लोव्ह्जवर खेळून त्याच्या मुली राज्य स्पर्धेपर्यंत गेल्या आहेत. इथली संध्याकाळी सातची मॅच त्याच्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते. ती फोनवर जमेल तेवढी बघून तो शाळेत जातो आणि त्यातलं काही ना काही त्याच दिवशी पोरींना करायला लावतो. मैदानावर बसून मात्र त्याने मेजर लीगची, म्हणजे इथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, एकही मॅच पाहिलेली नाही. मे महिन्यात तो निवृत्त होतोय. व्हिसा हातात आला आहे.

माझा बेत जुलैचा. दहा दिवसांत नऊ मैदानं: बॉस्टन, न्यूयॉर्कची दोन्ही, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड आणि शेवटी शिकागोचं रिग्ली फील्ड. गाडी माझी, सात सीटर. चालवणारे दोघं.

हे जमेल का? नसेल तर काय गाळू? तिकिटं कुठल्या बाजूची काढू, म्हणजे शिकवणाऱ्या माणसाला खेळ नीट दिसेल? मास्तर शुद्ध शाकाहारी आहे, तर आत त्याला काय मिळेल? मी स्वतः न्यूयॉर्कच्या बाहेर फारशा मॅच पाहिलेल्या नाहीत. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

रानवाट:
जुलै सोडा. ११ जून ते १९ जुलै फुटबॉलचा विश्वचषक आहे आणि बॉस्टन, न्यूयॉर्क-न्यू जर्सी, फिलाडेल्फिया या तिन्ही ठिकाणी सामने आहेत. अंतिम सामना तर तुमच्या दारातच. ४ जुलैला देशाला २५० वर्षं होताहेत, त्याचा मोठा सोहळा फिलाडेल्फियात. बेसबॉलच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामनाही १४ जुलैला तिथेच, आणि त्याच्या आगेमागे लीगच्या मॅच बंद असतात. हॉटेलं परवडायची नाहीत आणि मॅचही मिळायच्या नाहीत. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा बघा. गणपती १४ सप्टेंबरला आहेत, त्याआधी मास्तर आरामात घरी पोचतील.

जर्सीवासी (धागाकर्ता):
विश्वचषकाचं डोक्यातच आलं नव्हतं. मास्तरच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, तो त्याने आजवर चुकवलेला नाही. ऑगस्ट नक्की करतो. मनापासून आभार.

दुधीभोपळा:
दहा दिवसांत नऊ नाही जमणार, आणि कारण अंतर नाही. न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया दोन तास, तिथून बाल्टिमोर साधारण तेवढंच, पुढे वॉशिंग्टन तर चाळीसच मैल. अडचण वेळापत्रकाची आहे. प्रत्येक संघाच्या १६२ पैकी ८१ मॅच घरी, ८१ बाहेर. आठवडा-दहा दिवस घरी खेळले की तितकेच दिवस परगावी. तुम्ही वाटेवरच्या शहरात पोचाल तेव्हा तिथला संघ हजार मैलांवर खेळत असेल. शिवाय सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते. ज्याच्याशिवाय सहल अपुरी वाटेल त्या मैदानाची तारीख आधी पक्की करा आणि तिथून उलटं मोजत या. आम्ही असंच केलं होतं. आठ मैदानांवरून चारवर आलो आणि त्या चारही मॅच आजही चेंडूगणिक आठवतात.

पावसाचंही लक्षात ठेवा. मॅच रद्द झाली तर तिकीट पुढच्या तारखेला चालतं, पण तेव्हा तुम्ही दुसऱ्या राज्यात असता. हातात एखादा मोकळा दिवस हवाच.

चारखणी:
जागेबद्दल लिहिते. माझा मुलगा कॅचर (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा) होता, त्यामुळे दहा वर्षं मी या एकाच नजरेने खेळ पाहिला. खाली कडेच्या महाग खुर्च्यांवर बसू नका. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे, पण वरच्या मजल्यावर बसा. चेंडू आत वळला की बाहेर ते तिथून कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चेंडू टाकण्याआधी क्षेत्ररक्षक कसे दोन-दोन पावलं सरकतात, फटका बसल्यावर कोण कोणाच्या मागे आधाराला धावतो, हे सगळं एका नजरेत येतं. टीव्हीवर हे कधीच दिसत नाही, कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. शिकवणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच. तिकीटही निम्म्याहून स्वस्त पडतं.

आणि दारं उघडल्या उघडल्या आत जा. बहुतेक ठिकाणी मॅचच्या साधारण दीड तास आधी सोडतात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, हात कसा मोकळा करतो, किती अंतरावरून सुरुवात करतो, हे तेव्हा बघायला मिळतं. २०२३पासून पिचरला घड्याळ लावलं आहे. बेसवर, म्हणजे धाव घेतानाच्या टप्प्यांवर, कोणी नसेल तर १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. त्यामुळे मॅच आता पावणेतीन तासांच्या आतबाहेर संपते. उशिरा पोचलात तर गेलेलं परत मिळत नाही.

तीन_नद्या:
मी पिट्सबर्गला असते. हे मैदान गाळू नका. २००१चं आहे, नदीच्या काठावर. समोर पूल आणि पलीकडे सगळं शहर. गाडी डाउनटाउनमध्ये ठेवा आणि रोबेर्तो क्लेमेंते पुलावरून चालत या. मॅचच्या दिवशी तो पूल वाहनांना बंद असतो, सगळं गाव पायी चाललेलं असतं. उजव्या बाजूची भिंत २१ फूट आहे, कारण पिट्सबर्गचे खेळाडू क्लेमेंते यांचा क्रमांक २१. निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना १९७२च्या ३१ डिसेंबरला विमान कोसळून ते गेले. मास्तरांना हे पुलावर चालतानाच सांगा.

आणखी एक. २००८ साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं ते याच पिट्सबर्गच्या संघाने. हातात बेसबॉल येऊन तेव्हा त्यांना वर्षसुद्धा झालं नव्हतं. पुढे ते खालच्या लीगमध्ये खेळले. मास्तरांना ही नावं ठाऊक असतीलच.

खाण्याचं: इथे बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, मी पारदर्शक पिशवीतून दशम्या आणि चटणी नेते. आत पिएरोगी मिळतात, म्हणजे बटाटा-चीजचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या म्हणा. सोबत काय घालतात ते विचारून घ्या. भाजलेल्या शेंगा सगळ्याच मैदानांवर मिळतात. पाठीवरची सॅक मात्र आणू नका, बऱ्याच ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. आणि पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर आहेच. १९७६पासून आपल्या लोकांचा तिथे राबता आहे. सकाळी दर्शन, दुपारी प्रसादाचा भात, संध्याकाळी मॅच.

खाडीकाठ:
बाल्टिमोर गाळण्याआधी एकदा विचार करा. आज जी विटांची, शहराच्या मधोमध उभी असलेली मैदानं सगळ्यांना आवडतात, त्या लाटेची सुरुवात १९९२च्या कॅम्डन यार्ड्सने झाली. त्याआधी काँक्रीटचे गोल वाडगे बांधत होते, फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हीसाठी एकच. इथे रेल्वेचं जुनं लांबलचक गोदाम पाडायच्या ऐवजी मैदानाचाच भाग करून घेतलं. मला ते बॉस्टनच्या फेनवे मैदानापेक्षाही जवळचं वाटतं.

शिकागोवाली:
मास्तर मुलींना सॉफ्टबॉल शिकवतात हे वाचून मुद्दाम लिहायला बसले आहे.

रिग्ली फील्ड १९१४चं. लोक तिथे भिंतीवरच्या वेली आणि हाताने आकडे बदलायचा जुना धावफलक पाहायला जातात. पण तुमच्या मास्तरांनी ते वेगळ्याच कारणासाठी पाहावं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात जाऊ लागले, तेव्हा इथल्या कब्स संघाचे मालक फिलिप रिग्ली यांनी मुलींची व्यावसायिक लीग काढली. १९४३च्या मे महिन्यात देशभरातून आलेल्या मुलींची अंतिम निवड याच मैदानावर झाली. सुरुवातीला लीगच्या नावातही सॉफ्टबॉलच होतं. मोठा चेंडू आणि खालून टाकायची पद्धत, म्हणजे मास्तर शिकवतात तसंच. पुढे वर्षागणिक चेंडू लहान होत गेला, बेसमधलं अंतर वाढत गेलं आणि १९४८पासून मुली वरून चेंडू टाकू लागल्या. ही लीग १९५४पर्यंत चालली.

रिग्लीवर रात्रीची पहिली पुरुषांची मॅच १९८८ साली झाली. मुली मात्र १९४३च्या जुलैमध्येच तिथे तात्पुरते दिवे लावून रात्री खेळून गेल्या होत्या. ज्याने तीस वर्षं मुलींच्या हातात ग्लोव्ह घातला त्याला त्या मैदानावर बसलेलं पाहायला मला फार आवडेल.

दुपारची मॅच घ्या, १ वाजून २० मिनिटांची. मैदानापाशी गाडी ठेवायला जागा नाही. हॉवर्ड स्थानकावर ठेवून रेड लाइनने अॅडिसनला उतरा, समोरच मैदान.

या मुलींच्या वस्तू, गणवेश, छायाचित्रं बघायची असतील तर न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनला बेसबॉलचं संग्रहालय आहे, १९३९चं. तिथे महिलांच्या बेसबॉलचं वेगळं दालन आहे. बॉस्टनहून साधारण चार तास. वाट वाकडी करावी लागली तरी करा.

दुधीभोपळा:
शिकागोवाली, हे मला माहीत नव्हतं. मग रस्ता सरळच झाला. बॉस्टन, कूपर्सटाउन, नायगारा, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, शिकागो. नायगारा ते पिट्सबर्ग चार तास, पुढे क्लीव्हलंड सव्वादोन. शेवटचा पल्ला लांब, साडेपाच-सहा तासांचा, पण शिकागोचं घड्याळ एक तास मागे असल्याने तो तास परत मिळतो. नायगाऱ्याला कॅनडाच्या बाजूला जायचं तर पाहुण्यांना वेगळा व्हिसा लागेल, तेव्हा अमेरिकेच्या बाजूनेच बघा. बॉस्टनला रिव्हरसाइड स्थानकावर गाडी ठेवून ग्रीन लाइनने जा. फेनवेची मार्गदर्शकासोबतची फेरीही घ्या, ३७ फुटी हिरव्या भिंतीच्या वर नेतात.

जर्सीवासी (धागाकर्ता):
सगळ्यांचं वाचलं. शिकागोवाली, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री मास्तरला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते खालून टाकायच्याबद्दल परत वाच." परत वाचलं. आज सकाळी त्याने ते वहीत उतरवून घेतल्याचा फोटो पाठवलाय.

तर आता ठरलं ते असं: ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, रिग्लीची तारीख आधी. बॉस्टन, कूपर्सटाउन, नायगारा, पिट्सबर्ग, क्लीव्हलंड, शिकागो. निघण्याआधी न्यूयॉर्कची एक मॅच घरून ट्रेनने. खाडीकाठ, बाल्टिमोर या वेळी बसत नाही, वाईट वाटतंय. डॉक्टर म्हणतोय की तो एकटा दोन दिवस आधी येऊन ते करेल. तुमच्याशी व्यक्तिगत निरोपातून बोलतो.

चारखणी, जागा तुम्ही सांगितल्या तशाच काढतो. एकच शंका उरली आहे, आणि ती मास्तरची आहे. मॅचच्या मध्ये कर्मचारी येऊन माती ओढून सारखी करतात, आणि सुरू होण्याआधी पांढऱ्या रेषा आखतात. ती माणसं कुठल्या दारातून बाहेर येतात ते त्याला जवळून बघायचंय. त्यांचं फक्कीचं यंत्र, दाताळं, माती किती ओली ठेवतात, सगळं. पिट्सबर्ग आणि रिग्लीवर त्यासाठी आधी कुठे उभं राहावं, कोणाला माहीत असेल तर सांगा.