झूप्लँक्टनचं डीएनए बारकोडिंग: कोपेपॉड ओळखायला सीओआय पुरेसा आहे का?

खाडीकाठची:
नमस्कार, एमएस्सी प्रोजेक्टसाठी मांडवीच्या मुखापाशी २०० मायक्रॉनच्या जाळीने झूप्लँक्टनचं (पाण्यात तरंगणाऱ्या छोट्या प्राण्यांचं) सॅम्पल घेणार आहे. कोपेपॉडच (छोटे कवचधारी प्राणी) जास्त येतील, त्यातल्या अकार्शिया या जीनसचे (जवळच्या प्रजातींच्या गटाचे) पूर्ण वाढलेले प्राणी पाचव्या पायावरून ओळखता येतात पण पिल्लं सगळी सारखीच, जीनसच्या पुढे जाताच येत नाही. नुसता सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला जीन) घेऊन भागेल का? आणि फॉर्मालिनमधलं सॅम्पल चालतं का?

जाळीवाला:
फॉर्मालिन नकोच. त्यात डीएनएचे तुकडे पडतात, प्रथिनांना घट्ट चिकटतो, मग पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायला) फार त्रास होतो. जाळी वर आली की पाणी नीट गाळून थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाक आणि २४ तासांच्या आत इथेनॉल बदल, कारण प्राण्यांच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. मग फ्रीझर. मोजणीसाठी हवं तर सॅम्पल आधीच अर्धं करून एक भाग फॉर्मालिनमध्ये ठेव.

प्लवक:
सीओआयपासूनच सुरुवात कर. साधारण ६५८ बेसचा तुकडा असतो, पण १९९४ चे फोल्मर प्रायमर (पीसीआरमध्ये हवा तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) कोपेपॉडवर बऱ्याचदा चालत नाहीत, त्यांचेच २०१३ मध्ये सुधारलेले गेलरचे प्रायमर आहेत ते आधी लावून बघ. हायड्रोझोआच्या छोट्या जेलीफिश आल्या तर १६एस हा दुसरा जीन बरा. १८एस हा जीन सगळ्यांवर चालतो खरा पण जवळच्या प्रजाती त्यात वेगळ्या पडत नाहीत.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: सीक्वेन्स (बेसचा क्रम) आला म्हणजे नाव आलं असं नाही, डेटाबेसमध्ये त्या प्राण्याला कुणीतरी बरोबर ओळखून टाकलेलं असेल तरच जुळतं, आणि आपल्या किनाऱ्याच्या कित्येक प्रजाती तिथे नाहीतच. म्हणून आधी मोठे नर-मादी टॅक्सॉनॉमी येणाऱ्या माणसाकडून पक्के करून घे, फोटो काढ, डीएनए काढताना प्राणी चिरडू नकोस, हलक्या लायसिसमध्ये (पेशी विरघळवताना) कवच शाबूत राहतं ते व्हाउचर (पुरावा म्हणून ठेवलेला नमुना) म्हणून जप. मग पिल्लांचे सीक्वेन्स त्यांच्याशी जुळव.

खाडीकाठची:
म्हणजे मायक्रोस्कोप सुटत नाहीच! पण मग मोठ्यांची ओळख तरी खात्रीची असते का?

प्लवक:
नेहमी नाही. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये कॅलानस या कोपेपॉडच्या फिनमार्किकस आणि ग्लेशिअलिस या दोन प्रजाती वर्षानुवर्षं लांबीवरून वेगळ्या करायचे, डीएनए तपासला तर दोघांची लांबी एकमेकांत मिसळलेली निघाली आणि कितीतरी ग्लेशिअलिस फिनमार्किकस म्हणून मोजले गेले होते. त्यामुळे एकाच प्रजातीचे म्हणून ठेवलेले सीक्वेन्स दोन गटांत फुटले तर त्यांच्या व्हाउचरचे पाय पुन्हा बघ.

जाळीवाला:
आणि सीक्वेन्सचं अमिनो आम्लात भाषांतर करून बघ, अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाचा कोड लाव. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) दिसला तर ती केंद्रकात गेलेली त्या जीनची जुनी नक्कल असू शकते, ती धरायची नाही.