काकूंची वही

बी-३०४: सोसायटीतल्या सगळ्यांना नमस्कार, ग्रुपवर जरा वेगळं विचारायचंय. मार्चमध्ये माझी नोकरी गेली हे बऱ्याच जणांना माहितीये. तेव्हापासून रात्र रात्र बिझनेस आयडियाचे व्हिडिओ बघतेय, मशरूम काय मेणबत्त्या काय, आणि सकाळी उठलं की वाटतं हे आपलं काम नाही. काल लिफ्टमध्ये ए-१०२ च्या काकू डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन भेटल्या, सहज विचारलं किती डबे जातात, म्हणाल्या सकाळी बावीस संध्याकाळी एकोणीस. आठ वर्षं मी इथे राहते आणि मला पत्ता नाही! काकू, कसं सुरू केलंत ते इथे सांगाल का?

ए-१०२: अगं मला टाईप करायला वेळ लागतो, सून करून देतेय. बिझनेस करायचा म्हणून नाही गं केला. डी विंगला कॉलेजची दोन मुलं भाड्याने आली होती, रोज रात्री वडापाव खाताना दिसायची, म्हटलं पोळीभाजी देते, सामानाचे पैसे द्या. त्यांनी तिसऱ्याला सांगितलं, असं वाढत गेलं. पण हे बघितलेलं होतं ना मी. सासूबाईंची लालबागला खानावळ, कोकणातले घाटावरचे एकटे राहणारे गिरणी कामगार जेवायला. महिनाभर जेवायचे आणि पगाराला पैसे द्यायचे, तोवर वाण्याची उधारी नाहीतर सावकार. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायका एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, नंतर सासूबाईही त्यात गेल्या. मग १९८२ चा संप. गिऱ्हाईक गावी गेलं ते गेलंच, उधारीही बुडाली. म्हणून मी पहिल्या दिवसापासून महिन्याचे पैसे आगाऊ घेते, कोणी कितीही जवळचा असो.

सी-२०१: काकू हॅट्स ऑफ 🙏 पण ताई, डबेवाल्या आपल्याकडे आधीच तिघी आहेत, तुम्हीपण तेच केलंत तर तिघींचंही गिऱ्हाईक तुटणार. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

बी-३०४: राग कसला दादा, बरोबरच आहे तुमचं. मला डबे नाही करायचे. पण आज दुपारी काकूंकडे तीन तास बसले आणि त्यांची वही बघितली. कोणाचे पैसे आले कोणाचे राहिले ते चोख आहे, पण एक पोळी आपल्याला केवढ्याला पडते ते कुठेच नाही. मे महिन्यात एका लग्नघराला ३०० पुरणपोळ्या दिल्या, २५ रुपयाने, म्हणजे ७५०० आले. काकू खूश होत्या. (काकूंना विचारून लिहितेय.) आम्ही मांडून बघितलं तर डाळ गूळ तूप पीठ मिळून ४०४०, मदतीला दोन बायका दोन दिवस त्यांचे २४००, सिलेंडर ९००, टेम्पो ५००. झाले ७८४०! म्हणजे दोन दिवस काकू राबल्या आणि वर ३४० रुपये पदरचे गेले. मला रडूच आलं खरं सांगते. आणि मी अकरा वर्षं अकाउंट्समध्येच तर काम केलंय.

ए-१०२: मलापण वाईट वाटलं पण बरं झालं कळलं. गणपतीत मोदकांचा भाव हिच्याकडून काढून घेणार आणि मगच सांगणार लोकांना.

ए-५०१: ताई, योग्य दिशा आहे. लिज्जत पापड आमच्या गिरगावातच सुरू झालं, १५ मार्च १९५९, सात बायका, गच्चीवर, ८० रुपये उसने घेऊन. हे सगळे सांगतात. पण ज्यांनी ते पैसे दिले त्या छगनबापांनी त्या बायकांना हिशोब नीट ठेवायला शिकवलं होतं, ते कोणी सांगत नाही. माझ्या मते ८० रुपयांपेक्षा ते मोठं.

बी-३०४: काका हे मला माहीत नव्हतं, थँक्यू. तर माझं असं डोक्यात आहे की आपल्या सोसायटीतल्या आणि समोरच्या गल्लीतल्या घरगुती धंद्यांचा हिशोब मी बघायचा. शिवणकाम, पार्लर, क्लासेस, इस्त्रीवाले दादा, सगळे. वस्तू केवढ्याला पडते, भाव काय लावायचा, ज्यांचं खाण्याचं आहे त्यांचं फूड रजिस्ट्रेशन. ते ऑनलाइन होतं आणि फी वर्षाला १०० रुपये आहे, तरी आपल्यातल्या दोघींनी अजून केलेलं नाही. पहिला महिना कोणाकडून काही घेणार नाही, आधी मला शिकायचंय तुमच्याकडून. पुढचं काकूंसारखंच, आगाऊ 🙂

सी-२०१: आता पटलं. मिसेसचं ब्लाऊज शिवायचं काम आहे, ती मला रोज विचारते शिलाई वाढवू का आणि मी दरवेळी नको म्हणतो, कशाच्या जोरावर म्हणतो ते मलाच माहीत नाही.

सेक्रेटरी: रविवारी ११ ते १ सोसायटी ऑफिस रिकामं आहे, तिथे बसा. फॅन चालू आहे, ट्यूबलाइट उद्या बदलून घेतो.

बी-३०४: खूप खूप आभार. येताना जी असेल ती वही आणा, कॅलेंडरवर खुणा केल्या असतील तर कॅलेंडर आणा.

डी-००४: ताई मी मुलांच्या शिकवण्या घेते, वही नाहीये, सगळं डोक्यात आहे. चालेल का?

बी-३०४: चालेल, या. आपण तिथेच लिहून काढू.