फ्रेंच लेखिका क्रिस्तीन आंगो वाचलीय का कोणी? कादंबरी की आत्मचरित्र?

सड्यावरची:
रत्नागिरीत आम्हा बायकांचा वाचनगट आहे, तिथे मी आंगोच्या १९९९ च्या 'लँसेस्त'बद्दल बोलले. बापाने मुलीवर केलेला अत्याचार, निवेदिकेचं नाव पण क्रिस्तीनच, तरी वाचायची कादंबरी म्हणून. एक काकू म्हणाल्या खरं असेल तर सरळ आत्मचरित्र लिहावं, कादंबरीच्या आडून कशाला, आणि त्यानंतर जो विषय बंद पडला तो कोकम सरबत येईपर्यंत कोणी तोंडच उघडलं नाही. मला काकूंचं पटत नाही पण नीट सांगताही येत नाहीये.

खाडीपलीकडचा:
आडून कुठाय? लपायचं असतं तर आधी नाव बदललं असतं ना. फ्रेंच लेखक सर्ज दुब्रोव्हस्कीने १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकासाठी 'ऑटोफिक्शन' (स्वतःचं आयुष्यच कादंबरी म्हणून लिहिणं) हा शब्द वापरला तेव्हापासून फ्रान्समध्ये ही वाट आहे. पुण्यात फ्रेंच शिकताना मी आंगो वाचली, ती तीच गोष्ट परत परत लिहिते पण दरवेळी वेगळ्या जागी उभी राहून. २०१२ च्या पुस्तकात नावंच नाहीत, नुसते तो आणि ती, वाचताना श्वास कोंडतो. २०२१ च्या पुस्तकात परत 'मी' येते आणि कोणाला कधी कळलं, कळूनही कोण गप्प बसलं ते सगळं क्रमाने येतं, त्याला प्री मेदिसी हे फ्रेंच साहित्य पारितोषिक मिळालं. साध्या आत्मचरित्रात हे एकदाच सांगून झालं असतं.

पाणंद:
माका पटता, पण कोर्टाचा पण सांगा. २०११ च्या कादंबरीवरून तिच्या जोडीदाराच्या आधीच्या बाईने केस केली, नाव बदललेलं होतं तरी २०१३ ला पॅरिसच्या कोर्टाने आंगो आणि प्रकाशकाला ४०,००० युरो भरायला लावले. आपल्या वाडीत तर विहिरीकडचं घर आणि मुंबैला असलेला मोठा भाऊ एवढं लिहिलं तरी अख्खं कुळ ओळखतात. स्वतःवर झालेलं लिहिणं वेगळं आणि दुसरीचा संसार, तिची पोरं पुस्तकात ओढणं वेगळं.

सड्यावरची:
@पाणंद हा फरक अगदी पटला. पण बापाने केलेलं लिहिलं तर त्याला घरची अब्रू काढली म्हणायचं नाही, ती गोष्ट त्या मुलीची आहे, तिने कुठल्याही नावाने सांगावी. काकूंना हेच सांगणार आहे. 'लँसेस्त'चा इंग्रजी अनुवाद २०१७ ला आलाय, कोकणात कुठल्या वाचनालयात असेल तर कळवा, गटात मोठ्याने वाचायचाय.