विषय: ट्रॅव्हर्टिनवर ग्राउटचा पांढरा थर, व्हिनेगर चालेल का?

नमस्कार मंडळी,
गौरी आठ दिवसांवर आल्यात आणि आमच्या खालच्या बाथरूमची फरशी कणीक सांडल्यासारखी दिसतेय. काल दुपारी हँडीमनने ग्राउट (फरश्यांमधले सांधे भरायचं मिश्रण) भरलं, वरवर पुसलं आणि चेक घेऊन गेला. फरशी ट्रॅव्हर्टिन दगडाची आहे, मॅट फिनिशची. सगळीकडे पांढरट थर, कडेला तर गोळेच वाळलेत. ह्यांनी व्हिडिओ बघून व्हिनेगरचा गॅलन आणून ठेवलाय. लावू का?
मेधा

---

मेधा,
तो गॅलन आधी गराजमध्ये ठेव. ट्रॅव्हर्टिन काय, मार्बल काय, आपली शहाबादी काय, सगळं मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि व्हिनेगर म्हणजे अ‍ॅसिड, ते त्याला खातं. पटत नसेल तर उरलेल्या तुकड्यावर थेंबभर टाकून बघ, बारीक बुडबुडे येतील. ते बुडबुडे म्हणजे तुझी फरशीच.

पिशवीतली पावडर पाण्यात कालवलेली ना? दोन डब्यांतलं एकत्र करून केलेलं असेल तर ते इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट. मग काही करू नकोस, आधी कळव.

सिमेंटचं असेल तर आजच लाग, दिवसागणिक घट्ट होतं. पहिल्यांदा ब्रश लावून व्हॅक्यूम. ग्राउटमधली वाळू म्हणजे क्वार्ट्झ, मोह्स मापावर (१ ते १०) कठीणपणा ७; तुझा दगड जेमतेम ३. ते कण फडक्याखाली आले की चरे पडलेच. मग कोरड्या मायक्रोफायबरने पूस, निम्मं तिथेच निघेल. उरलेल्यावर ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं, पाणी सारखं बदलत. गोळ्यांवर पाणी शिंपड, दहा मिनिटं थांब आणि आइस्क्रीमची काडी आडवी धरून ढकल. सुरी नको. हिरवा स्क्रबरही नको, त्यात घासायची पूड असते. पांढरा नायलॉनचा घे. सांध्यांवर जोर देऊ नकोस, अजून कच्चे आहेत.

एवढ्यानेही नाही गेलं तर नॅचरल स्टोनसाठीचा, अ‍ॅसिड नसलेला हेझ रिमूव्हर (हा पांढरा थर काढायचं द्रावण) आण. लेबलवर सल्फॅमिक किंवा फॉस्फोरिक दिसलं तर परत ठेव. आधी कोपऱ्यात लावून बघायचा, हे सांगायला नको.

खरं तर ग्राउट भरण्याआधीच सीलर (दगडात काही मुरू नये म्हणून लावायचं द्रावण) मारायला हवा होता. आमच्या वाड्यात गवंडी ओल्यावरच लाकडाचा भुसा टाकून पोत्याने पुसायचा. चेक नव्हता तेव्हा, पण फरशी पुसून जायचा.
सुहासकाका

---

काकांना दुजोरा. देवघराखालच्या पांढऱ्या मार्बलवर मी एकदा समई लिंबाने घासली होती. समईच्या बुडाएवढं निस्तेज वर्तुळ उठलंय, उजेड तिरका पडला की दिसतं. डाग समजून चार महिने घासत होते. डाग कसला, तेवढा दगडच खाल्ला गेलाय. पॉलिशवाला सांगेल ते पैसे देणे आले. तोवर वर पाट ठेवलाय.
नीलिमा

---

काका, पिशवीतलंच होतं. दोन तास गेले, अकरा फडकी झाली, पण फरशीचा बदामी रंग दिसायला लागला! कडेचे गोळे काडीने टक्‌ करून सुटले. आता दगडाच्या बारीक भोकांत ग्राउट बसलंय, तेवढं टूथपिकने कोरू का? आणि सीलर उद्याच मारू?
मेधा

---

भोकं कोरू नकोस. ट्रॅव्हर्टिनची भोकं मुद्दाम भरतात, तुझी फुकटात भरली. सीलरची घाई नको: ग्राउटच्या पिशवीवर जितके दिवस लिहिलेत तितके थांब, आणि पांढरं पूर्ण गेलंय ना ते टॉर्च आडवा धरून बघ. राहिलेलं सीलरखाली कायमचं अडकतं. गौरी तशाच बसू देत.
काका