छोटी इलेक्ट्रिक गाडी रोजच्या वापराला 'बाद'? कायच्या काय!

चाकोरी: 'काळा धूर' यांनी काल ठणकावून लिहिलं की छोटी इलेक्ट्रिक म्हणजे खेळणं, कंपनी सांगते त्याच्या निम्मंही अंतर जात नाही, रोजच्या वापराला बाद. त्यावर चार माना डोलल्या, म्हणून लिहावं लागतंय. कंपनीचा आकडा रोलरवर ठरावीक चक्र चालवून काढतात. पेट्रोल गाडीचं मायलेज तरी आपण कधी खरं धरलं होतं? मग इथेच गळा काढायचा? २४ युनिटची बॅटरी (एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर), शहरात किलोमीटरमागे साधारण १२० वॉट-अवर, झाले २०० किमी. एसी जोरात लावलात तर अजून थोडे कमी. बहुतेकांचं जाणं-येणं याच्या पाव हिश्श्यात बसतं. रात्री १५ अँपियरच्या सॉकेटला लावायची आणि झोपायचं.

काळा धूर: शहर, शहर, शहर! ताशी शंभरनं हायवेला काढा आणि मग तोच भागाकार करा. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, शाळेत झालंय. दीडशेच्या आसपास उरतात, त्यातलं शेवटचं वीस टक्के कुणी माईचा लाल वापरत नाही. ब्रेक लावला की वीज परत बॅटरीत येते म्हणतात, पण सरळ रस्त्याला ब्रेक लागतो कुठे?

उंबरठा: धागा 'रोजच्या वापरा'चा आहे हो. रोज शंभरनं दीडशे किलोमीटर जाणाऱ्यानं छोटी गाडी घ्यावीच कशाला?

पान्हा: रेंजचं राहू द्या बाजूला. स्टेपनी कुठाय? मागच्या महिन्यात रात्री खड्ड्याच्या काठाला टायर घासला, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, फाटली. डिकीत काय, तर पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली आणि एवढासा कॉम्प्रेसर! भरला तो द्रव. पांढरा चिकट फेस फसफसत फटीतून बाहेर, निम्मा माझ्या बुटांवर. टोइंगवाला आला तर म्हणे पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढता येणार नाही, सपाट ट्रकच हवा. पहाट झाली.

चाकोरी: याचा इलेक्ट्रिकशी काय संबंध? हल्ली पेट्रोलच्या कित्येक गाड्यांतही स्टेपनी नसते.

पान्हा: म्हणजे शेजारी चोर असला की आपली चोरी माफ? आणि पेट्रोल गाडी न्यूट्रलला टाकून दोरीनं ओढता येते. इथे चाकं फिरली की मोटर फिरते, ती वीज तयार करते, आत काहीतरी जळतं. मॅन्युअलमध्येच मनाई असते. वाचता का कधी?

वायरमन: जाता जाता. मोठी बॅटरी फुल्ल असूनही गाडी सुरू होत नाही अशी बोंब आली, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. मोठीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे दणकट स्विच, तीच ओढते. बाकी, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपनी सांगते तशी अधूनमधून शंभर टक्के भरा, नाहीतर टक्केवारीचा आकडा थापा मारायला लागतो.

काळा धूर: बघा, गाडी घ्यायची की डिप्लोमा करायचा?

चाकोरी: कार्ब्युरेटरचा चोक ओढण्यात तुमची पिढी गेली, तेव्हा नाही वाटतं डिप्लोमा लागला?

काळा धूर: पिढीवर जाऊ नका.

उंबरठा: स्वस्तात बसवायच्या नादात मुख्य गोष्ट राहिली: सुरक्षा. डॅशिया स्प्रिंग या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला २०२१ मध्ये युरो एनकॅपनं, म्हणजे गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेनं, पाचपैकी एकच तारा दिला होता. घरची माणसं बसवायची तर रेंजच्या आधी तारे मोजा. मला तरी दीडशे की दोनशे यानं काही फरक पडत नाही.

चाकोरी: हा मुद्दा मात्र बिनतोड. सगळ्या छोट्या गाड्या तशा नाहीत, पण तपासूनच घ्यावी.

पान्हा: स्टेपनी हीसुद्धा सुरक्षाच.

चाकोरी: अहो, साइडवॉल किती जणांची फाटते? साधा खिळा असेल तर त्या बाटलीवर दुकानापर्यंत आरामात जाता येतं.

पान्हा: ज्याची फाटते त्याला सरासरी सांगू नका. त्या द्रवाला मुदत असते, हे किती जणांना माहितीये? आणि नंतर पंक्चरवाला तो चिकटा बघून टायरला हात लावायला तयार होत नाही.

काळा धूर: बरं बाबा, मान्य. शहरात तुमची गाडी दोनशे जाते. हार आणू? पण पान्हासाहेबांना कुणी उत्तर दिलेलं नाही.

वायरमन: उत्तर काय देणार? डिकीखालची जागा बॅटरीनं खाल्ली, वजन वाचवायचं होतं. मोठी डिकी असेल तर वेगळी स्टेपनी घेऊन पट्ट्यानं बांधून ठेवा.

पान्हा: ठेवतो की. जॅक आणि नट खोलायचा पानाही देत नाहीत, तेवढं सांगायचं राहिलं.