चक्रीवादळ किनाऱ्यावर येतानाचे शेवटचे तास: तुम्ही रेषेच्या कुठल्या बाजूला होतात?

मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्यापैकी काहींची झोप उडते. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र दिसलं की विंडी ही वाऱ्याचे नकाशे दाखवणारी साइट उघडायची, इन्सॅट उपग्रहाची चित्रं बघायची, युरोपियन मॉडेल आणि अमेरिकन जीएफएस मॉडेल यांचे अंदाज कुठे जुळतात ते ताडून पाहायचं, आणि वादळ रडारच्या टप्प्यात कधी येतं याची वाट बघत बसायचं. हा धागा त्या वाट बघण्याबद्दल आहे.

माझं एक ठाम मत आहे. आपण नकाशावरच्या रेषेकडे, म्हणजे वादळाचं केंद्र जिथून जाणार त्या मार्गाकडे, फार बघतो. रेषा आपल्या गावावरून जाते की नाही, एवढंच विचारतो. आपण तिच्या उजव्या हाताला आहोत की डाव्या, हे त्याहून महत्त्वाचं आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेने चाललंय तिच्या उजवीकडे त्याच्या चालीचा वेग वाऱ्यात मिळतो, डावीकडे तेवढा कमी होतो. म्हणून लिहिताना तुम्ही कुठे होतात, वारा कुठून होता आणि पाणी कुठे गेलं, हे आवर्जून लिहा. सुरुवात मी करतो.

पुणे (घर दिवेआगर)

निसर्ग चक्रीवादळ, 3 जून 2020. नाव बांगलादेशाने सुचवलेलं, नव्या 169 नावांच्या यादीतलं पहिलं. लॉकडाऊन चालू, जिल्हा ओलांडायला पास लागायचा. मी पुण्यात अडकलेलो, आई-आबा दिवेआगरला.

हवामान खात्याच्या सुरुवातीच्या पत्रकांत वादळ जमिनीवर चढण्यासाठी हरिहरेश्वर ते दमण, अलिबागजवळ, असा पट्टा होता. केवढा मोठा पट्टा तो! जसजसे मॉडेलचे नवीन अंदाज येत गेले तसतशी जागा दक्षिणेला सरकत आमच्या दारात आली. 3 तारखेला सकाळी मुंबईच्या रडारवर मधली मोकळी जागा, म्हणजे डोळा, दिसायला लागला. रडारच्या चित्रांची ती मालिका मी पुन्हापुन्हा चालवून बघत होतो. डोळा श्रीवर्धन-दिवेआगरकडेच येत होता.

आबांचा फोन लागला तेव्हा मागे कौलं फुटल्याचे आवाज येत होते. म्हणाले, "वारा डोंगराकडनं आहे." मी म्हटलं, "आबा, नीट ऐका. मध्येच वारा पडेल. पडला तरी कुणी बाहेर जाऊ नका. मग तो समुद्राकडून येईल, आणि तो जास्त वाईट असेल." आबा म्हणाले, "मध्येच कसा पडेल? वारा म्हणजे काय नळ आहे, बंद करून परत सोडायला?" तेवढ्यात फोन कटला. त्यानंतर बरेच दिवस रेंज नव्हती.

नंतर कळलं ते असं. दुपारी वारा खरंच मंदावला. शेजारच्या काकू गोठा बघायला निघाल्या होत्या, आबांनी त्यांना हाक मारून ओटीवरूनच परत आणलं. थोड्या वेळाने पश्चिमेचा वारा सुटला आणि गोठ्याचं छप्पर गेलं. वाडीतल्या सुपाऱ्या आधीच्या वाऱ्याने समुद्राच्या बाजूला कलल्या होत्या, मुळं सैल झाली होती. उलटा वारा आला आणि त्या घराच्या बाजूला ओळीने आडव्या झाल्या. माड मधोमध मोडले. आबांनी नंतर मला वाडीचा कोपरा न् कोपरा फोनवर सांगितला: कुठलं झाड कुणी लावलेलं आणि ते कुठल्या बाजूला पडलं.

दादर, मुंबई

त्या दिवशी सगळे कॅमेरे मुंबईकडे होते. सकाळपासून हवामान खात्यातल्या होसाळीकर सरांचे ट्वीट बघत बसलो होतो. वादळ आमच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येला गेलं, म्हणजे आम्ही डाव्या बाजूला. वारा जमिनीकडून समुद्राकडे. झाडं पडली, विमानतळ काही तास बंद ठेवला, पण समुद्राचं पाणी आत आलं नाही. संध्याकाळी लोक म्हणाले, उगाच घाबरवलं. मला त्या वाक्याचा फार राग येतो. शंभरेक किलोमीटरवर लोकांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं होतं.

पुढच्या वर्षी तौक्ते. ते मुंबईला धडकलंच नाही. किनाऱ्याला समांतर, भर समुद्रातून उत्तरेला गेलं आणि 17 मे 2021 च्या रात्री गुजरातमध्ये उनाजवळ जमिनीवर चढलं. पण या वेळी अख्खा कोकण किनारा आणि मुंबई उजव्या हाताला होती. कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला. गेटवेच्या कठड्यावरून लाटा आत येत होत्या. बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ कामगार असलेली पी-305 बार्ज (सपाट तळाची मोठी नाव) बुडाली, कितीतरी जीव गेले. धागाकर्त्याचं म्हणणं मुंबईकरांना या दोन वादळांइतकं कुणीच शिकवू शकणार नाही.

हर्णै

आमचं मासळीचं घर. मोबाइलवर वादळ बघतो, पण भरतीसाठी अजून तिथीच धरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. निसर्गच्या दिवशी द्वादशी संपून त्रयोदशी लागत होती, म्हणजे भरती साडेनऊ-दहाच्या सुमारास. वटपौर्णिमा दोन दिवसांवर, त्यामुळे उधाण मोठं. हवामान खातं दुपारची वेळ देत होतं. वडील म्हणाले, "ओहोटीला येतंय, वाचलो. हेच रात्रीच्या भरतीला आलं असतं तर पाणी पाखाडीपर्यंत चढलं असतं." वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान जमिनीवर चढलं. पाणी ओसरतच होतं.

वाऱ्यातून मात्र सुटका नव्हती. सगळीकडे अलिबाग, अलिबाग चाललेलं. आम्ही दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. वारा सरळ समुद्रावरून. दापोली-मंडणगडची जी दशा झाली ती टीव्हीवर यायला दोन-तीन दिवस लागले. आमच्याकडचे म्हातारे अजून फयान वादळाची आठवण काढतात. नोव्हेंबर 2009 मध्ये ते आलं तेव्हा नावा समुद्रात होत्या. निसर्गच्या वेळी आधी कळलं म्हणून नावा वर ओढलेल्या होत्या. हा फरक या उपग्रहांनी आणि पत्रकांनी केलाय, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

माणगाव

मी शाळेत भूगोल शिकवते. निसर्गच्या दिवशी वीज गेली, रेंज गेली, पण फोनमधला वायुभारमापक, म्हणजे हवेचा दाब मोजणारा, इंटरनेटशिवाय चालतो. वहीत दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत होते. सकाळी हळूहळू उतरत होता, दुपारनंतर प्रत्येक नोंदीला सरळ खाली. सासूबाई देवापाशी बसलेल्या, मुलगा माझ्याशेजारी. एका नोंदीला आकडा होता तिथेच राहिला, पुढच्या नोंदीला किंचित वर. मी म्हटलं, "केंद्र गेलं पुढे." बाहेर वारा तेव्हाही भयंकरच होता, पत्रे उडतच होते. पण आता हे उतरणीला लागलंय, हे घरात सगळ्यांना कळलं आणि सासूबाईंनी चहा टाकला. ते पान मी दरवर्षी वर्गात दाखवते. ज्यांच्या फोनमध्ये ही सोय आहे त्यांनी ॲप आधीच उतरवून ठेवा.

टॅम्पा, फ्लोरिडा

निसर्ग मी इथून पाहिलं होतं. 2024 मध्ये आमची पाळी आली, तीही दोनदा.

आधी हेलीन चक्रीवादळ. 26 सप्टेंबरच्या रात्री ते पेरी गावाजवळ जमिनीवर चढलं, आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या वर. पण आम्ही उजव्या बाजूला. टॅम्पाच्या उपसागरात पाणी विक्रमी चढलं. लोकांच्या ओल्या गाद्या, सोफे, भिंतींचे तक्ते रस्त्याकडेला ढीग करून ठेवलेले. ते उचलून व्हायच्या आत मिल्टन.

7 ऑक्टोबरला मी कामावर होतो आणि एका खिडकीत हरिकेन हंटर्सच्या विमानांची माहिती उघडी होती. विमान डोळ्यात शिरतं, खाली यंत्र सोडतं, ते पडता पडता दाब आणि वारा कळवतं. प्रत्येक फेरीला दाब आणखी खाली, शेवटी 900 मिलिबारच्याही खाली. एका दिवसात श्रेणी 1 वरून श्रेणी 5, म्हणजे सगळ्यात वरची. वर्षानुवर्षं हे बघणारी माणसं त्या दिवशी गप्प झाली होती. दुसऱ्या दिवशी एका विमानाने पीटर डॉज या शास्त्रज्ञाच्या अस्थी त्याच डोळ्यात सोडल्या. आयुष्यभर ते वादळांत शिरून रडारचा अभ्यास करत आले होते. डोळ्यातून गेल्याची ती त्यांची 387 वी खेप नोंदवली गेली. वाचून मला रडू आलं.

आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच प्रश्न: रेषा कुठे आहे? मी परोपरीने सांगत होतो की नकाशावरचा तो पसरत जाणारा पट्टा फक्त केंद्र कुठून जाऊ शकेल ते दाखवतो, वादळाची रुंदी नाही. आणि केंद्र पट्ट्याबाहेर जाण्याची शक्यताही साधारण तीनात एक धरलेली असते. रेषा आमच्या उत्तरेला गेली तर उपसागर भरणार, दक्षिणेला गेली तर रिकामा होणार, आणि दोन्हींत अंतर फार थोडं. शंका नको म्हणून आम्ही आई-बाबांना घेऊन निघालो. आई इथे पहिल्यांदाच आलेली. तिने वाटेसाठी थालीपिठं थापली आणि पासपोर्ट, औषधं, देव एका पिशवीत भरले.

9 तारखेला रात्री साडेआठला मिल्टन सिएस्टा कीला, आमच्या दक्षिणेला, श्रेणी 3 होऊन चढलं. आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे, उपसागरातलं पाणी ओसरून तळ उघडा पडला. दक्षिणेच्या किनाऱ्यावर मात्र पाणी घुसलं. सेंट पीटर्सबर्गला तुफान पाऊस पडला, ट्रॉपिकाना मैदानाचं छप्पर फाटलं, आणि पूर्व किनाऱ्यावर, केंद्रापासून लांब, टॉर्नेडोंनी माणसं मेली. तेव्हा डावी बाजू म्हणजे निर्धास्त, असा अर्थ कुणी काढू नये.

श्रीवर्धन

सगळं वाचलं. एक लिहायचं आहे. लँडफॉल झाला, म्हणजे वादळ जमिनीवर चढलं, की तुम्ही सगळे पांगता. नकाशे बंद, गप्पा बंद. निसर्गनंतर आमच्याकडे वीज यायला कित्येक आठवडे लागले. आमच्याकडच्या रोठा जातीच्या सुपारीचं झाड हाताशी यायला सहा-सात वर्षं जातात. कलमं कुठे मिळतात, पडलेली झाडं कापायला करवती कुणाकडे आहेत, कुठल्या वाडीत अजून कुणी पोचलंच नाही, हे विचारणारे फार थोडे होते. तुम्हाला नकाशे वाचता येतात. कुठल्या बाजूच्या गावांना जास्त लागलं असणार ते तुम्हाला आमच्याआधी कळतं. त्याच संध्याकाळी त्या गावांची नावं लिहा, मदत आधी तिकडे जाऊ दे.

पुणे

श्रीवर्धनकरांचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पुढच्या वादळापासून जमिनीवर चढल्यानंतर लगेच उजव्या बाजूच्या गावांची यादी या धाग्यातच करू. त्यासाठी तालुक्यांचे नकाशे कुणाकडे चांगले असतील तर सांगा. आणि मालवण-वेंगुर्ल्याकडचं अजून कुणीच लिहिलेलं नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये क्यार वादळ लांब समुद्रात असताना तुमच्याकडे लाटा आत आल्या होत्या, आणि तौक्तेही आधी तुमच्याच समोरून गेलं. वारा कुठून होता?